रवांडा: प्रकल्प संपतो, एप्रिल दरवर्षी येतो

रवांडात 7 एप्रिल 1994 पासून साधारण शंभर दिवसांत आठ ते दहा लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य समाजाची. मारणाऱ्यांत शेजारीपाजारीही होते. त्यानंतर चोवीस वर्षांनी, 2018 मध्ये, देशभर मानसिक आरोग्याची पाहणी झाली. सर्वसाधारण लोकांत पीटीएसडीचं, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात टिकून राहणाऱ्या आघाताच्या विकाराचं, प्रमाण 3.6 टक्के निघालं, तर संहारातून वाचलेल्यांत 27.9 टक्के. नैराश्य 12 टक्के, आणि वाचलेल्यांत 35 टक्के. मदतीच्या प्रकल्पांना निधी मिळतो तो बहुधा दोन-तीन वर्षांचा. या आकड्यांपुढे ती मुदत किती तोकडी आहे ते दिसतंच आहे.

काळ हेच औषध, असं आपण सहज म्हणतो. पण रवांडात काळाने जुनी जखम उघडणारे प्रसंगही आणले. 2003 पासून संहाराच्या गुन्ह्यांसाठी धरलेले हजारो कैदी सुटून त्याच गावांत परतू लागले. पुढे 2012 पर्यंत गावोगावच्या गाचाचा न्यायसभांमध्ये लोकांना सगळ्यांसमोर साक्ष द्यावी लागली. 2018 मध्ये राजधानी किगालीच्या गासाबो जिल्ह्यात मोठी सामूहिक थडगी सापडली, आणि ज्यांनी आपल्या माणसांचा शोध सोडून दिला होता त्यांना कपड्यांच्या चिंध्यांवरून ओळख पटवायला जावं लागलं. लांब शिक्षा झालेले लोक आता कुठे बाहेर येताहेत. म्हणून मदतीचं वेळापत्रक या तारखा बघून आखायला हवं. कोण कधी सुटणार, दफनविधी कधी, हे गावातल्या आरोग्यसेविकेला आधी कळलं पाहिजे. ती आधी घरी जाऊन बसली, तर घरच्यांना ती बातमी बाजारात ऐकावी लागत नाही.

सगळ्यात कठीण काळ एप्रिलचा. स्मृतिसभेत कुणीतरी साक्ष सांगत असतं आणि गर्दीतली एखादी बाई किंचाळते, धाप लागते, ‘ते आले’ म्हणत पळू किंवा लपू बघते. तिकडे याला इहाहामुका म्हणतात. भोवती घोळका होणं, चौघांनी हातपाय दाबून धरणं, ‘काय झालं, सांग’ म्हणून विचारत राहणं, या तिन्हींनी झटका वाढतो. दाबून धरणारे हात तिला 1994 चेच वाटतात. म्हणून सभेच्या कडेला, ध्वनिक्षेपकापासून दूर, सावलीत चटया अंथरून ठेवाव्यात. तिला तिथे न्यावं, शक्यतो बाईसोबत बाईच असावी. पट्टा, बूट, घट्ट कपडे सैल करावेत. आज कोणतं साल आहे, आपण कुठे आहोत, मी कोण, हे हळू आवाजात पुन्हा पुन्हा सांगावं. तिच्यासोबत आपणही श्वास सावकाश सोडावा. धाप कमी झाल्यावरच पाणी द्यावं. झोपेचं इंजेक्शन हा पहिला उपाय नव्हे, कारण झोप उतरल्यावर भीती तिथेच असते. छातीत दुखत असेल, फिट आली असेल किंवा जीव देण्याची भाषा असेल, तर मात्र आरोग्य केंद्रात न्यावं. आणि नाव वहीत लिहून आठवड्याभरात घरी जावं. हेच बहुतेक ठिकाणी राहून जातं, मग पुढच्या एप्रिलमध्ये तीच माणसं पुन्हा चटईवर असतात.

उरलेल्या अकरा महिन्यांसाठी तिथे उभं राहिलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. 2005 मध्ये उत्तरेकडच्या ब्युंबा भागात सामुदायिक समाजोपचार सुरू झाला, म्हणजे गावातल्याच लोकांनी गटात बसून एकमेकांना सावरणं. एका गटात 10 ते 15 माणसं, गट चालवणारे गावातलेच दोन प्रशिक्षित चालक, आठवड्यातून एकदा तीन तास, असे 15 आठवडे. वाचलेली माणसं, कैद्यांच्या बायका, शिक्षा भोगून आलेले, सगळे एकाच गटात. टप्पे सहा: सुरक्षितता, विश्वास, काळजी, आदर, जगण्याची नवी दिशा आणि शेवटी आठवणी. आठवणी शेवटी, यातच सगळं आलं. पहिल्याच बैठकीत ‘तुझ्यावर काय गुदरलं ते सांग’ म्हटलं की बोलणारी व्यक्ती उघडी पडते, ऐकणारे घाबरतात, आणि दुसऱ्या आठवड्याला निम्म्या जागा रिकाम्या. आठवणींच्या आधी कोण कुठे बसेल, गटातलं बाहेर सांगायचं का, उशिरा आलं तर काय, असे साधे नियम गटानेच ठरवावेत. ज्या माणसाला अनेक वर्षं कुणी काही विचारलं नाही, त्याला इथे पहिल्यांदा मत विचारलं जातं.

जागाही विचारून ठरवावी. चर्च सोयीचं वाटतं, पण न्तारामा आणि न्यामाताला आश्रयाला आलेली माणसं चर्चमध्येच मारली गेली. पेरणीचे आठवडे आणि बाजाराचा वार टाळावा.

चालक स्वतःही बहुधा त्याच आगीतून गेलेले असतात. चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन त्यांना सोडून देणं हा अन्याय आहे. महिन्यातून एकदा तरी अनुभवी व्यक्तीसोबत त्यांची बैठक हवी, आणि गट दोघांनी चालवायचा म्हणजे दोघांनीच, कारण एकाला रडू आलं तर दुसऱ्याने सांभाळायचं असतं. मानधनाला कात्री लागली की आधी दुसरा चालक जातो. तो वाचवण्यासाठी भांडावं.

भ्रम होणं, दिवसेंदिवस न झोपणं, दारूचं व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न, हे गटाचं काम नाही. त्यासाठी आरोग्य केंद्र, जिल्हा रुग्णालय आणि वर किगालीजवळचं न्देराचं मनोरुग्णालय अशी साखळी लागते. चिठ्ठी देऊन पाठवणं पुरत नाही. प्रवासखर्चाची सोय करावी, पहिल्या भेटीला कुणीतरी सोबत जावं आणि महिनाभराने गोळ्या चालू आहेत का ते घरी जाऊन बघावं. बलात्कारातून जन्मलेली मुलं आता तिशीत आहेत. 1994 नंतर जन्मली म्हणून ती वाचलेल्यांसाठीच्या निधीच्या व्याख्येत बसली नाहीत. त्यांच्या आयांचे गट आणि त्यांचे गट वेगळे घ्यावेत. जन्माची गोष्ट कधी आणि कशी सांगायची ते आईच ठरवेल, चालकाने तिची घाई करू नये.