बाकीचे पाच

“मावशी, म्हणजे हे बाकीचे नापास झाले का गं?”

एमपीएससीच्या नोट्समधल्या एका यादीवर भाच्याचं बोट होतं. बुद्धाच्या काळातले सहा आचार्य. त्यातला निगंठ नातपुत्त म्हणजे महावीर. उरलेली पाच नावं नुसती पाठ करायची.

हसले खरी, पण ते ‘नापास’ डोक्यातून जाईना.

त्यातल्या मक्खली गोसालाचंच घ्या. जैन परंपरा सांगते, हा सहा वर्षं महावीरांबरोबर हिंडला, मग बिनसलं. त्याचं म्हणणं, सगळं नियतीने ठरलेलं. फेकलेला सुताचा गुंडा संपेपर्यंत उलगडतो, तसा जीव. तुमच्या पुण्याने काडीचा फरक पडत नाही. (मग यज्ञ कशाला आणि दक्षिणा तरी कशाला!)

त्याच्या आजीविक पंथाच्या साधूंना अशोकाने राज्याभिषेकाच्या १२व्या वर्षी बिहारमधल्या बराबर टेकडीत गुहा दिल्या. ग्रॅनाइटच्या भिंती अशा घासल्यात की आजही चकाकतात. तमिळ प्रदेशात हा पंथ १४व्या शतकाच्या आसपासपर्यंत तग धरून होता. असा नापास होतो कुणी?

पण त्यांचा स्वतःचा एकही ग्रंथ उरला नाही. जे कळतं ते बहुतेक बौद्ध-जैन ग्रंथांतून, म्हणजे भांडणातल्या दुसऱ्या पक्षाकडून.

आणि त्या गुहांमधल्या काही लेखांत नेमका ‘आजीविक’ हा शब्दच कुणीतरी खरवडलाय. दान, राजा, वर्ष, सगळं तसंच. पुढे मौखरी घराण्यातल्या अनंतवर्मा राजाने तिथल्या आणि शेजारच्या नागार्जुनी टेकडीतल्या गुहांत कृष्णाची, शिव-पार्वतीची, देवीची मूर्ती बसवली.

पण छिन्नी नेमकी कुणाच्या हातात होती?