नळ सोडून उभा राहायचो

माझा दमा जुना, बाविसाव्या वर्षापासूनचा. आता मी ६४ वर्षांचा आहे. साताऱ्यात पाऊस असो की थंडी, दोन्ही छातीत जाऊन बसतात. गेल्या दिवाळीनंतर बुडेसोनाइड-फॉरमोटेरॉलचा, म्हणजे स्टेरॉइडचा, पंप न चुकता घेऊनही रात्री उठून बसायची वेळ येऊ लागली, म्हणून छातीच्या डॉक्टरांनी टायोट्रोपियमची भर घातली. १८ मायक्रोग्रॅमची कॅप्सूल यंत्रात टाकायची आणि दिवसातून एकदा ओढायची. आठवड्याभरात छातीतली शिट्टी बंद झाली. तोंड जरा कोरडं पडायचं, पण मी खूश होतो.

पंधरा-वीस दिवसांनी लघवीची कुरबुर सुरू झाली. लागल्यासारखी व्हायची, पण सुटायची नाही. रात्री बाथरूममध्ये नळ बारीक सोडून उभा राहायचो. पाण्याचा आवाज ऐकून तरी होईल, अशी आशा. बायको आतून विचारायची, "अहो, टाकी रिकामी करताय का?" वय झालं, प्रोस्टेट असेल, असं म्हणून मी गप्प बसलो. या विषयावर आपण पुरुष गप्पच बसतो.

मग सर्दी झाली. मेडिकलमधून नेहमीची गोळी आणली, दिवसात दोन घेतल्या. त्या रात्री सगळंच बंद. ओटीपोट दगडासारखं, अंगाला दरदरून घाम, बसवत नाही, उभं राहवत नाही. पहाटे दवाखान्यात नळी घातली तेव्हा ७०० मिली निघाली. तेवढा आराम मला आयुष्यात कशाने वाटला नसेल.

दाखल करताना विचारलं होतं, "काका, औषधं कुठली चालू आहेत?" मी सांगितलं, बीपीची एक. खोटं बोललो नव्हतो. औषध म्हणजे गोळी, पंप म्हणजे पंप, असंच डोक्यात होतं. चाळीस वर्षं खिशात असलेली वस्तू औषधात धरायची, हे सुचलंच नाही.

तीन दिवसांनी नळी काढली. लघवी झाली, पण तुटक तुटक. सोनोग्राफीत पोटभर पाणी प्यायला लावून आधी पिशवी भरलेली बघतात, मग "जाऊन या" म्हणतात आणि आत किती उरलं ते मोजतात. माझ्यात १८० मिली उरलं होतं. प्रोस्टेट वाढलेली होती, पण फार नाही. युरॉलॉजिस्ट रिपोर्ट बघत म्हणाले, "एवढ्याशा गाठीनं एकदम बंद कशी पडली?" तेवढ्यात बायको म्हणाली, "आणि तो नवा पंप सांगितलात का?"

"कुठला पंप? दाखवा." तिने पिशवीतून यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

मग त्यांनी समजावलं. ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन श्वासनलिकांना आवळायला सांगतं. टायोट्रोपियम तो निरोप अडवतं, म्हणून नळ्या मोकळ्या होतात. पण लघवीची पिशवी आवळायलाही तोच निरोप लागतो. ओढलेल्या औषधातलं थोडं रक्तात जातंच. बहुतेकांना काही होत नाही, पण आधीच प्रोस्टेटने वाट अरुंद केली असेल तर पिशवीचा जोर कमी पडतो. वर माझी सर्दीची गोळी. तिच्यातलं क्लोरफेनिरामिन पिशवी आणखी ढिली करतं आणि फेनिलेफ्रिन तोंड आवळतं. म्हणजे तिघांनी मिळून दार लावलं.

माझे आजोबा दम्यावर धोतऱ्याची पानं चिलमीत ओढायचे, ते मी सहज सांगितलं. डॉक्टर हसले. "हे औषध त्याच कुळातलं. धोतऱ्यात ॲट्रोपीन असतं. धोतरा पोटात गेलेल्यांचीही लघवी तुंबते."

मी घरी जाऊन सगळेच पंप बंद करणार होतो. त्यांनी तिथेच अडवलं आणि छातीच्या डॉक्टरांना फोन लावला. कॅप्सूल तेवढी बंद झाली, स्टेरॉइडचा पंप वाढवला, दम्यासाठी मॉन्टेलुकास्टची गोळी सुरू झाली. रात्री लघवीची वाट सैल करणारी टॅमसुलोसिन ०.४ मिलीग्रॅम. त्या गोळीने झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून मी आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसतो. तीन आठवड्यांनी सोनोग्राफीत उरलेली लघवी ४० मिली होती.

जानेवारीत पुन्हा धाप लागली. नेब्युलायझरला जी कुपी आणली तिच्यात इप्राट्रोपियमही होतं. हे टायोट्रोपियमचंच भावंड. मास्क लावायच्या आधी मी हात वर करून, दम घेत घेत, सगळी कहाणी सांगितली. ड्युटीवरची डॉक्टर मुलगी होती, तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "आधी नुसतं सालब्युटामॉल देऊन बघू. नाही बसलं तर हे द्यावंच लागेल काका, मग लघवीवर लक्ष ठेवू."

त्या धापेपुढे मला नळीही चालली असती. "द्या," म्हटलं. पण दुसऱ्या नेब्युलायझेशनला छाती मोकळी झाली, आणि ती कुपी ट्रेमध्ये तशीच राहिली.