अजिंठ्याच्या डोंगराआडचा टीव्ही

दूरदर्शनने २०१६ च्या फेब्रुवारीत देशातील १६ शहरांमधून जमिनीवरील, म्हणजे उपग्रहाऐवजी टॉवरवरून थेट अँटेनाला मिळणारे, डिजिटल प्रक्षेपण सुरू केल्याचे जाहीर केले, तेव्हा त्या यादीत मुंबईखेरीज महाराष्ट्रातले एकच शहर होते, ते म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. मध्य प्रदेशातून इंदूर आणि भोपाळ होते, गुजरातमधून अहमदाबाद होते. नकाशावर या ठिकाणी टिंबे काढली की खानदेश नेमका मधल्या कोऱ्या जागेत येतो. ही जागा नुसत्या अंतरामुळे कोरी राहिलेली नाही. दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, उत्तरेला सातपुडा आणि पश्चिमेला सह्याद्रीचे फाटे अशा तीन बाजूंनी अडवलेल्या तापीच्या खोऱ्यात आपण राहतो, आणि ज्या शहरांना प्रक्षेपक मिळाले ती सगळी या डोंगरांच्या पलीकडची आहेत.

त्यातला आपल्याला सर्वांत जवळचा टॉवर औरंगाबादचा, म्हणजे म्हैसमाळचा. वेरूळ-खुलताबादच्या वर असलेले हे ठिकाण समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच आहे, त्यामुळे मराठवाड्याच्या पठारावर त्याची नजर लांबवर पोहोचते. चाळीसगावहून सरळ रेषेत मोजले तर म्हैसमाळ पन्नास किलोमीटरांच्या आत आहे, आणि जळगाव किंवा धुळ्याहून शंभराच्या आसपास. आकडे पाहून कोणालाही वाटेल की चाळीसगावकरांचे काम सोपे आणि जळगावकरांचे अवघड. प्रत्यक्षात जवळ असण्याचा इथे तोटाच होऊ शकतो.

त्याचे कारण कन्नडचा घाट चढताना डोळ्यांनी दिसते. चाळीसगावच्या दक्षिणेला जमीन हळूहळू चढत जात नाही, ती एकदम भिंतीसारखी उभी राहते, आणि त्या भिंतीवर गौताळ्याचे पठार सुरू होते. म्हैसमाळहून निघालेली लहर पठाराच्या कडेपर्यंत निर्वेध येते, पण कड ओलांडल्यावर ती सरळच पुढे जाते आणि पायथ्याची गावे तिच्या खाली, सावलीत राहतात. कडेवरून थोडी ऊर्जा खाली वाकते हे खरे, परंतु लहरीची लांबी जितकी कमी तितके हे वाकणे कमी. म्हणजे जुन्या व्हीएचएफ (लांब लहरींच्या) वाहिन्यांना डोंगर ओलांडून खाली उतरणे जितके जमे, तितके डिजिटल प्रक्षेपणाच्या यूएचएफ (आखूड लहरींच्या) पट्ट्याला जमत नाही. पाटणादेवीच्या परिसरात डोंगर अक्षरशः डोक्यावर असतो, तिथे ही सावली सर्वांत गडद. तिथून उत्तरेला, गिरणेच्या अंगाने भडगाव-पाचोऱ्याकडे जावे तसतसा डोंगर क्षितिजावर खाली बसत जातो आणि सावली विरळ होते. मात्र तोवर अंतर वाढलेले असते आणि पृथ्वीचा बाक आडवा येऊ लागतो. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ज्याचे शेत असेल आणि शेतात उंच खांब असेल, त्याने आशा धरावी.

खानदेशातल्या माझ्या वयाच्या कोणालाही अँटेनाची आठवण काढायला सांगितले तर तो आधी मुंग्यांबद्दल, म्हणजे पडद्यावर वळवळणाऱ्या ठिपक्यांबद्दल, बोलेल. १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचा धडाका लागला, तालुक्याच्या गावांमध्ये छोटे टॉवर उभे राहू लागले, आणि त्या टॉवरांच्या कक्षेच्या काठावर जी खेडी होती तिथे गच्चीवरचा माणूस आणि घरातला माणूस यांच्यात रोज संध्याकाळी एकच संवाद चाले. वरून विचारायचे, ‘उनं का?’ आणि खालून मामा ओरडायचे, ‘आजून मुंग्याच शेतस!’ मग खांब थोडा पूर्वेला फिरवायचा, पुन्हा विचारायचे. ही पद्धत चालायची याला शास्त्रीय कारण होते. ॲनालॉग चित्र हळूहळू बिघडते आणि हळूहळू सुधारते, त्यामुळे मुंग्या कमी झाल्या की वाढल्या एवढ्यावरून दिशा कळत असे.

त्याच काळात आणखी एक गोष्ट दिसे, तिला आम्ही भूत म्हणत असू. निवेदिकेच्या उजव्या बाजूला तिचीच एक फिकट निवेदिका उभी असायची. टॉवरकडून येणारी सरळ लहर आणि मागच्या डोंगरावर आपटून येणारी दुसरी लहर अशा दोन्ही अँटेनाला मिळाल्या की असे होते, आणि गंमत अशी की त्या भुतावरून डोंगराचे अंतर मोजता येते. ॲनालॉग चित्राची एक आडवी ओळ ६४ मायक्रोसेकंदांत काढली जाई, त्यातले ५२ मायक्रोसेकंद पडद्यावर दिसत. डोंगर आपल्या मागे बरोबर तीन किलोमीटरांवर असेल तर परतलेल्या लहरीला सहा किलोमीटर जास्त चालावे लागते, म्हणजे तिला २० मायक्रोसेकंद उशीर होतो, आणि दुसरी निवेदिका पडद्याच्या एक तृतीयांशाहून थोडी अधिक उजवीकडे सरकलेली दिसते. सातपुड्याच्या पायथ्याला यावल-रावेरकडे किंवा अजिंठ्याच्या पायथ्याला ज्यांची घरे होती, त्यांनी ही भुते वर्षानुवर्षे पाहिली आहेत. शाळेत प्रकाशाचा वेग शिकवताना हे उदाहरण कोणी कसे घेतले नाही, याचे मला अजून नवल वाटते.

डिजिटलने मुंग्या आणि भुते दोन्ही घालवली. दूरदर्शनने निवडलेल्या डीव्हीबी-टी२ या पद्धतीत एकच वाहक लहर नसते, तर आठ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात हजारो बारीक वाहक शेजारीशेजारी बसवलेले असतात, आणि प्रत्येक वाहक आपला मजकूर अगदी संथपणे सांगतो. दोन संकेतांच्या मध्ये थोडा राखीव वेळ सोडलेला असतो. डोंगरावरून उशिरा आलेली लहर त्या राखीव वेळेत पोहोचली तर ती त्रास देत नाही, उलट मदतच करते. शिवाय त्याच एका पट्ट्यात, जिथे पूर्वी जेमतेम एक वाहिनी मावे, तिथे दूरदर्शनने पाच वाहिन्या बसवल्या.

पण यात काठावरच्या माणसाचा तोटा झाला. डिजिटल चित्र एक तर पूर्ण येते, नाही तर येतच नाही, आणि या दोन अवस्थांच्या मधला पट्टा फारच अरुंद असतो. त्यात चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा पडतो. ‘मुंग्या शेतस’ असे सांगून दिशा दाखवणारे आता कोणी नाही. टीव्हीला जोडायच्या डब्याच्या (सेट-टॉप बॉक्सच्या) मेनूमध्ये दोन पट्ट्या असतात, एक सिग्नलच्या जोराची आणि एक दर्जाची. अँटेना फिरवताना दर्जाच्या पट्टीकडेच पाहावे, कारण जोराची पट्टी जवळच्या मोबाइल टॉवरमुळेही फुगते.

म्हैसमाळचा हा डिजिटल प्रक्षेपक सुरू झाल्यानंतरच्या एका हिवाळ्यात गिरणेच्या उत्तरेला एका मित्राच्या मळ्यात आम्ही त्याच्या सिग्नलचा शोध घेतला. घरात पडून असलेली जुनी मोठी अँटेना वापरण्याचा त्याचा आग्रह होता. ती ॲल्युमिनियमची दांडी जवळपास अडीच मीटर लांब, म्हणजे ६० मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या वाहिनीसाठी कापलेली. ५०० मेगाहर्ट्‌झला लहरीची लांबी ६० सेंटिमीटर असते आणि मुख्य दांडी त्याच्या निम्म्याहून किंचित कमी, वीतभराच्या थोडी पुढे, पुरते. म्हणून यूएचएफची लहान पण अनेक दांड्यांची यागी अँटेना आणली, ती आडवी बसवली, कारण दूरदर्शनच्या लहरी आडव्या असतात, आणि बोअरवेलच्या जुन्या लोखंडी पाइपावर चढवली. तिथून घरापर्यंत वीस मीटर केबल लागत होती. एवढ्या लांबीच्या साध्या आरजी-६ केबलमध्ये या वारंवारतेला निम्मी शक्ती वाटेतच जाते, त्यामुळे बूस्टर टीव्हीमागे न लावता वर अँटेनाच्या बुडाशी लावावा लागतो. केबलवाल्याच्या दुकानात बूस्टर घेताना ‘टीव्हीमागंच लावा, सोपं पडतं’ असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये, कारण केबलमध्ये एकदा गोंगाटात बुडालेला सिग्नल बूस्टरने मोठा केला तर गोंगाटही तितकाच मोठा होतो.

चित्र मिळाले, पण सूर्य वर आल्यावर टिकले नाही. पहाटे, केळीच्या बागेवर धुके साचलेले असताना, दर्जाची पट्टी अर्ध्यावर जाई आणि डीडी नॅशनल स्वच्छ दिसे. ऊन चढू लागले की पट्टी खाली येई, आधी चौकोन आणि मग काळा पडदा. हिवाळ्यातल्या शांत रात्री तापीच्या खोऱ्यात जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. अशा थरांमध्ये लहर नेहमीपेक्षा जास्त वाकते आणि क्षितिजापलीकडे पोहोचते. दुपारी हवा ढवळली गेली की हा रस्ता बंद होतो. टीव्ही पाहण्याचे साधन म्हणून याचा उपयोग शून्य, हे मित्राच्या आईने पहिल्याच दिवशी सांगून टाकले आणि त्या आपल्या छत्रीवरच्या, म्हणजे डिश अँटेनावरच्या, मालिकेकडे वळल्या.

त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. २००४ साली सुरू झालेल्या आणि आज डीडी फ्री डिश या नावाने चालणाऱ्या उपग्रहसेवेने खानदेशातला डोंगराचा प्रश्नच संपवला. आकाशात आग्नेयेला, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असलेल्या उपग्रहाला सातमाळा आडवा येत नाही आणि सातपुडाही नाही. एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याचा खर्च नाही. प्रसार भारतीने सुमारे ५० मोक्याची ठिकाणे वगळता सगळे ॲनालॉग प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरवले, तेव्हा आपल्याकडे फारशी कुरकुर झाली नाही ती यामुळेच. ते टॉवर मुंबई-दिल्लीचे कार्यक्रम पुढे ढकलण्यापलीकडे काही करत नव्हते, आणि तेच काम छत्री जास्त चांगले करते.

तरीही मला वाटते की खानदेशाला जमिनीवरचा डिजिटल प्रक्षेपक मिळायला हवा होता, आणि तो मिळाला असता तर इतर अनेक ठिकाणांपेक्षा इथे चांगला चालला असता. ज्या डोंगरांनी बाहेरचे सिग्नल अडवले, त्यांच्यामधली जमीन मात्र सपाट आहे. सपाट भूमीवर लहर किती लांब जाईल याचा एक साधा हिशेब आहे: टॉवरची उंची आणि अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, दोन्हींची वर्गमुळे काढून बेरीज करायची आणि तिला ४.१२ ने गुणायचे, म्हणजे किलोमीटरमध्ये उत्तर मिळते. जळगावला शंभर मीटरचा टॉवर आणि घरावर नऊ मीटर उंच अँटेना असेल तर उत्तर सुमारे ५४ किलोमीटर येते. त्या वर्तुळात भुसावळ, चोपडा आणि पाचोरा आरामात येतात, अमळनेर काठावर येते. पश्चिमेला धुळ्याला दुसरा टॉवर उभारला तर त्याला वेगळी वारंवारताही लागत नाही. डीव्हीबी-टी२ मध्ये राखीव वेळ ५३२ मायक्रोसेकंदांपर्यंत ठेवता येतो, तेवढ्यात लहर जवळजवळ १६० किलोमीटर जाते, आणि जळगाव-धुळे हे हवाई अंतर त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. दोन्ही टॉवर एकाच वारंवारतेवर, एका ठोक्यात चालवता येतात, आणि मधल्या पारोळ्याच्या माणसाला दोन्हींचा सिग्नल मिळून फायदाच होतो.

हे सगळे करून दाखवायचे काय, हा प्रश्न रास्त आहे. उपग्रहाचा झोत साऱ्या देशावर पडतो, त्यामुळे त्यावरची प्रत्येक जागा साऱ्या देशाच्या हिशेबाने वाटली जाते, आणि सह्याद्री वाहिनीलाही नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत सर्वांचे पाहावे लागते. जमिनीवरच्या प्रक्षेपकाचा झोत डोंगरापाशी संपतो, आणि तोच त्याचा उपयोग आहे. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे पावसाळ्यात उघडले जातात तेव्हा तापीकाठच्या गावांना तासातासाला माहिती हवी असते, आणि नेमक्या त्याच मुसळधार पावसात छत्रीवरचे चित्र जाते, कारण तिच्या केयू पट्ट्याच्या अतिशय आखूड लहरी पावसात शोषल्या जातात. यूएचएफला पावसाची फिकीर नसते. केळीचे भाव, कपाशीवरची बोंडअळी, अहिराणीतला एखादा तास, हे विषय पाच वाहिन्यांपैकी एका वाहिनीवर संध्याकाळी दोन तास चालले तरी पुष्कळ झाले. जळगावचे आकाशवाणी केंद्र जिल्ह्याशी बोलण्याचे काम आवाजावर करत आले आहे, त्याला चित्राची जोड मिळाली असती.

डब्यांची अडचण मात्र खरी होती आणि ती कोणी मनावर घेतली नाही. प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा मोबाइलला लावायच्या डोंगलची जाहिरात झाली, पण तालुक्याच्या बाजारात डीव्हीबी-टी२ चा डबा मागितला तर दुकानदार फ्री डिशचाच डबा पुढे करायचा. टीव्ही घेताना आत कोणता ट्यूनर आहे हे विचारणारा गिऱ्हाईक विरळा, आणि विचारले तरी उत्तर देऊ शकणारा दुकानदार त्याहून विरळा.

आता चर्चा आहे ती थेट मोबाइलवर प्रक्षेपण करण्याची. त्यासाठी आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्स ही कंपनी यांनी एटीएससी ३.० या पद्धतीवर काम केले आहे, आणि ४७० ते ५८२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा त्यासाठी राखण्याचा विचार मांडला गेला आहे. पट्टा यूएचएफचाच आहे, म्हणजे डोंगराचा हिशेब तोच राहणार, किंबहुना अधिक कडक होणार, कारण मोबाइलला गच्चीवरची यागी नसते आणि तो जमिनीपासून दीड मीटरवर, खिशात असतो. वरच्या सूत्रात नऊऐवजी दीड घालून पाहिले तर जळगावच्या त्या टॉवरचे वर्तुळ ५४ वरून ४६ किलोमीटरांवर येते, अमळनेर स्पष्टपणे बाहेर जाते आणि पाचोरा काठावर उरतो. प्रक्षेपकांच्या जागा ठरवताना पुन्हा म्हैसमाळवरच भिस्त ठेवली, तर अजिंठ्याच्या अलीकडे खिशातल्या त्या फोनवर काही येणार नाही.