चष्म्याचा नंबर काढताना मी पास व्हायला बघत होतो

वय ४४, पतसंस्थेत कॅशियर, लांबचा चष्मा कॉलेजपासूनच आहे. गेल्या वर्षी रजिस्टरमधल्या १ आणि ९ मध्ये गोंधळ व्हायला लागला, एकदा तर टॅली लागेना म्हणून सगळा स्टाफ साडेसातपर्यंत बसला आणि चूक निघाली माझी. मग म्हटलं आता नंबर बघायलाच पाहिजे.

घाई होती म्हणून बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात गेलो. मशीनवर हनुवटी टेकवली, आत तो रस्ता आणि टोकाला रंगीत फुगा, फुगा धूसर झाला, परत स्पष्ट झाला, कागद बाहेर आला. तक्त्यावरच्या दोन ओळी वाचायला लावल्या आणि झालं, चौथ्या दिवशी चष्मा हातात. लांबचं एकदम कडक दिसत होतं, खोटं कशाला बोलू. पण दुपारी तीन वाजले की कपाळ ठणकायचं आणि रजिस्टर वाचायचं तर चष्मा डोक्यावर चढवायचा. ही म्हणाली सवय होईल. पंधरा दिवस वाट बघितली, डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट संपलं, सवय काही झाली नाही.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे डॉक्टर नंतर भेटतात, नंबर काढायला वेगळी मॅडम होती, ऑप्टोमेट्रिस्ट. असेल पंचविशीची. "काका, बसा." काका! असो. आधी माझा नवा चष्मा घेऊन त्याचाच नंबर मोजला, मग शुगर आहे का विचारलं, कारण शुगर वरखाली झाली की नंबरपण हलतो, आणि मग विचारलं की कामावर वही डोळ्यापासून किती लांब असते, हात करून दाखवा. दुकानात हे कोणी विचारलंच नव्हतं.

खोली जेमतेम दहा फुटांची. तक्ता माझ्या डोक्यामागे आणि समोर भिंतीवर आरसा, म्हणजे नजरेला वीस फूट पडतात, ही आयडिया मला लय आवडली. लाईट बंद करून तिने एका बॅटरीसारख्या यंत्रातून प्रकाशाची पट्टी डोळ्यावरून इकडून तिकडे फिरवली, मी नुसतं लांब बघत बसलो. त्या पट्टीचा डोळ्यातला प्रकाश कुठल्या बाजूला सरकतो यावरूनच तिला साधारण नंबर कळतो, आपण काही बोलायची गरज नाही.

मग ती जड गोल फ्रेम नाकावर, त्यात खट खट करून काचा. आधी उजवा डोळा. मी वाचत गेलो, खाली खाली, शेवटच्या ओळी अंदाजानेच ठोकल्या. मग डावा डोळा उघडला तोपर्यंत ओळी पाठ झालेल्या, खडाखडा म्हणून दाखवल्या. तिने काही न बोलता रिमोट दाबून अक्षरं बदलली आणि मी तिसऱ्याच अक्षरावर अडकलो. "काका, इथे मार्क नाहीत. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा." लाज वाटली राव. शाळेत डोळे तपासायला यायचे तेव्हापासून मी हेच करत आलोय, पुढच्याने काय वाचलं ते ऐकून ठेवायचं.

खरी गंमत पुढे. दांडी असलेली एक छोटी काच डोळ्यासमोर धरून उलटसुलट करायची आणि विचारायची, पहिलं चांगलं की दुसरं? मी घाबरून दरवेळी काहीतरी एक सांगायचो, दोन्ही सारखी दिसली तरी. मग तिने समजावलं की हे सिलिंडर नंबरचं आहे, डोळ्याचा आकार एका बाजूला जरा चपटा असतो तो कुठल्या कोनात आहे ते शोधायचं, कोन १ ते १८० मध्ये असतो, आणि ती मुळात त्या जागेच्याच शोधात असते जिथे दोन्ही बाजू सारख्या दिसतील. म्हणजे "सारखंच दिसतंय" हे उत्तर चुकीचं नाही, तेच तर हवं असतं! चाळीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

नंतर अर्धा तक्ता लाल, अर्धा हिरवा. दुकानातल्या नंबराच्या काचा घालून बघितलं तर हिरव्यावरची अक्षरं जास्त काळी. ती हसली, म्हणाली मायनस जास्त झालाय. मशीनमध्ये बघताना डोळा जवळचं बघतोय असं समजून आतून जोर लावतो, नंबर जास्त येऊ शकतो, म्हणून मशीनचा कागद ही सुरुवात, तो नंबर नाही. उजव्या डोळ्याचा -२.२५ होता तो -१.७५ वर आला, सिलिंडरचा कोनपण १८० चा १७० झाला. त्या जास्तीच्या अर्ध्या नंबरामुळे माझा डोळा दिवसभर दंड बैठका काढत होता, कपाळ दुखणारच.

शेवटी हातात मराठी मजकुराचं कार्ड, आणि जवळचं वाचायला लांबच्या नंबरावर +१.२५ ची भर. चाळिशी लागली म्हणतात ती हीच, अधिकृतपणे. तीच फ्रेम घालून मला दहा मिनिटं व्हरांड्यात फिरवलं, जिना उतरायला लावला, समोरच्या बाकावरची आजी माझ्याकडे बघून हसत होती. मग डॉक्टरांनी थेंब टाकून पडदा तपासला, तो नीट आहे, पण त्या थेंबांनी संध्याकाळपर्यंत सगळं चकाकत होतं, गाडी भावाने चालवली. एकटे जाऊ नका.

काउंटरवर समोरचा माणूसपण दिसायला हवा आणि वहीपण, म्हणून प्रोग्रेसिव्ह घेतला, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा नंबर आणि खाली हळूहळू जवळचा. त्यासाठी दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजतात, माझं ६४ मिलिमीटर, आणि फ्रेम तोंडावर असतानाच बाहुली जिथे येते तिथे काचेवर पेनने खूण करतात. ते न करता कोणी प्रोग्रेसिव्ह देत असेल तर उठून या. चिठ्ठी घेऊन दुसऱ्या दुकानात गेलो तर तिथला पोरगा म्हणतो, "सर, मशीनवर परत एकदा बघून घेऊ का, फ्री आहे."

नको म्हटलं, तू पेन काढ.