दात उजळले, फिलिंग पिवळंच!

शाळेत असताना रामबागेत सायकलवरून पडले आणि पुढच्या दाताचा कोपरा उडाला. तिथे गेली नऊ वर्षं कॉम्पोझिटचं, म्हणजे दाताच्या रंगाच्या मसाल्याचं, फिलिंग होतं. रंग इतका जुळलेला की मला त्याचा विसरच पडला होता.

भाचीचं लग्न ठरलं. चहाने पिवळटलेले दात जरा उजळावेत म्हणून घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये गेले. त्यांनी मापं घेऊन पारदर्शक ट्रे करून दिले, सोबत दात उजळवणारी १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल. रोज रात्री ट्रेमध्ये बारीक थेंब टाकून, तो दातांवर बसवून झोपायचं, २ आठवडे. जुन्या फिलिंगबद्दल कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, हेही खरं. हळद वर्ज्य, म्हणजे पोहे आणि त्यावरचा जिरावण मसाला बंद. इंदूरच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. गार पाण्याने कळ यायची, मग एक दिवसाआड लावलं.

दात खरंच उजळले. पण एका सकाळी आरशात पाहते तर कोपऱ्यावर पिवळं ठिगळ! लुगडं विटलं, ठिगळ तसंच. ब्रशने घासघासून हिरडी सोलून घेतली, तेवढीच कमाई.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडे. त्यांनी खिडकीपाशी उभं करून दातांना रंगांची पट्टी लावली. दात उजळ ए-१, फिलिंग अजून पिवळट ए-३.

"ताई, पेरॉक्साइड दातात मुरून तिथला रंग फोडतं. फिलिंगचा रंग मसाल्यातच कालवलेला असतो. वरचे डाग निघतील, रंग नाही बदलणार."

"मग आजच बदला ना!"

"आज नको. दातात ऑक्सिजन उरलेला असतो, त्याने नवा मसाला नीट घट्ट होत नाही, चिकटतही कमी. शिवाय दाताचा रंगही थोडा खाली बसेल. २ आठवडे थांबा."

लग्न ९ दिवसांवर आलेलं.

दाढेतली चांदी, म्हणजे पारा मिसळलेलं जुनं फिलिंग, दिसलं तेव्हा मात्र डॉक्टर जरा गंभीर झाल्या. पेरॉक्साइड लागलं की चांदीतून पारा थोडा जास्त सुटतो; ट्रे त्या दाढेच्या अलीकडेच कापायला हवा होता म्हणे.

लग्नानंतर फिलिंग बदललं. जुनं कोरून काढलं, नवं थराथराने भरलं, प्रत्येक थर घट्ट करायला निळा दिवा, शेवटी चावा नीट बसतो का ते पाहायला रंगीत कागद चावायला देऊन, घासून पॉलिश. पाऊण तासाचं काम. आता कोपरा कुठला ते मलाही शोधावं लागतं.

लग्नाच्या अल्बममध्ये मात्र मी एकूण एक फोटोत ओठ मिटून उभी आहे. आईला अजून वाटतं, मानपानावरून रुसले होते.