एक तोळा शिसं आणि टेक्सासचे रोही

"तुमच्याकडे नीलगायीला कुठलं कॅलिबर वापरतात?"

टेक्सासच्या पार दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेपासून फार लांब नसलेल्या एका रँचवर, पिकअपच्या बॉनेटला टेकून शिकारीच्या गाईडनं मला हे विचारलं. कॅलिबर म्हणजे बंदुकीच्या नळीचं माप, थोडक्यात कुठली बंदूक. वय साठीच्या पुढे, मिशा पांढऱ्या, टोपी घामानं काळी पडलेली. मी मनातल्या मनात त्याचं नाव 'पाटील' ठेवलं होतं. पाटलाला वाटलं, हा थेट नीलगायीच्या देशातला माणूस, याच्याकडे काहीतरी ऐकण्यासारखं असणार.

मी खरं ते सांगितलं. "पत्र्याचा डबा."

त्याला वाटलं हे एखाद्या काडतुसाचं नाव आहे. "किती ग्रेन?" म्हणाला. गोळीचं वजन विचारत होता.

माझं गाव विदर्भात, आर्वीकडचं. तिथे नीलगाय कुणी म्हणत नाही, रोही म्हणतात. तूर फुलावर आली की बाबा जागलीला जायचे, मीही सोबत. मचाणावर घोंगडी, टॉर्च, रिकामा तेलाचा डबा आणि बडवायला काठी. पुढे सुतळी बॉम्ब आले, मग शेताभोवती आईच्या जुन्या साड्या, मग झटका मशीन. रोही या सगळ्याला दोन-दोन दिवस बिचकले, नंतर साड्यांवरून उड्या मारून आत. वनखात्याकडे अर्ज करून परवानगी काढायची तरतूद कागदावर आहे, पण आमच्या गावात त्या वाटेला कुणी जाताना मी पाहिलं नाही. थोडक्यात, रोही या जनावराबद्दल माझं सगळं ज्ञान शिव्यांच्या रूपात आहे.

तर मी तिथे पोचलो कसा? ऑफिसातल्या मित्रानं जेवताना सांगितलं की तो सासरच्या लोकांबरोबर जानेवारीच्या लाँग वीकेंडला नीलगायीच्या शिकारीला जाणार आहे. मी हातातला डबा खाली ठेवला. नीलगाय? टेक्सासात? तर हो. किंग रँच नावाच्या अवाढव्य रँचनं १९२०च्या दशकापासून ही जनावरं आणून सोडली, आणि आता दक्षिण टेक्सासात ती हजारोंनी आहेत. हरणासारखा त्यांचा हंगाम नाही, किती मारायची याला मर्यादा नाही. सरकारी लेखी ती परदेशी पाळीव जनावरं. शिवाय गुरांच्या तापाच्या गोचिड्या वाहून नेतात म्हणून गुरंवाले वैतागलेले. हे ऐकून मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही. जगात आणखी कुणीतरी रोह्यांवर वैतागलेलं आहे!

ऑस्टिनहून पाच तास गाडी. किंग्जव्हिलच्या खाली हायवे ७७ वर साठेक मैल पेट्रोल पंप नाही, त्याची पाटीच लावलेली आहे. बाहेर बघतो तर दुतर्फा वेडी बाभूळ. म्हणजे तिची सख्खी बहीण, इथे मेस्किट म्हणतात. आपल्याकडची वेडी बाभूळ अमेरिका खंडातूनच आली. त्यांनी आपल्याला बाभूळ दिली, आपण त्यांना रोही दिले. फिटंफाट.

राहायची सोय सांगायची तर पत्र्याची बराक, सहा खाटा, एकच बाथरूम आणि रात्रभर वारा. थंडी आर्वीच्या डिसेंबरइतकीच, पण वारा हाडात शिरतो. जेवण मात्र भरपेट, आणि माणसं अशी अगत्यशील की न विचारता ताटात तिसरा तुकडा पडतो. पहिल्या रात्री फाहिता खाल्ल्यावर कळलं की ते नीलगायीचं मांस होतं. चव चांगली होती. बाबांना हे सांगितलेलं नाही.

त्या रात्री वाद पेटला तो कॅलिबरवरून. आपल्याकडे लग्नात पुण्याची मिसळ की कोल्हापूरची यावरून जसे दोन तट पडतात, अगदी तसा. मित्राकडे आजोबांची .३०-०६, उच्चार 'थर्टी ऑट सिक्स'. तीस म्हणजे नळीचं माप, इंचाचे शंभरातले तीस भाग, आणि सहा म्हणजे १९०६ साल, त्या वर्षी अमेरिकी सैन्यानं हे काडतूस घेतलं. त्याच्या मेव्हण्याकडे नवीकोरी .३०० विंचेस्टर मॅग्नम, १९६३ चं काडतूस. मेव्हणा बोलायला लागला की थांबत नव्हता. नीलगाय म्हणजे चिलखत घातलेलं जनावर, तुझ्या आजोबांच्या बंदुकीनं तिला गुदगुल्या होतील, वगैरे.

मी इंजिनिअर, म्हणून आकडे विचारले. गंमत अशी की दोन्ही बंदुकांची गोळी एकाच जाडीची, .३०८ इंच. फरक मागच्या पितळी कवचात किती दारू मावते याचा. तीच १८० ग्रेनची गोळी .३०-०६ मधून सेकंदाला सुमारे २७०० फूट वेगानं निघते, मॅग्नममधून साडेएकोणतीसशेच्या आसपास. आणि त्या अडीचशे फुटांचं बिल खांद्यावर येतं. धक्का जवळपास दीडपट.

पण हे ग्रेन म्हणजे काय? फोनवर बघितलं आणि मोठ्यानं हसलो. इंग्रजांनी १८३३ साली तोळ्याचं वजन ठरवून दिलं ते नेमकं १८० ग्रेन. चांदीचा रुपयाही तेवढाच. म्हणजे हे सगळे लोक रात्री अकरा वाजता भांडत होते ते एक तोळा शिसं रोह्याच्या अंगात कसं घालायचं यावर! पंधरा ग्रेनचा एक मासा, बारा माशांचा तोळा. त्यानंतर मी सगळे आकडे मनात तोळे-माशांत करून घेतले, आणि वाद एकदम सराफ कट्ट्यावरचा वाटायला लागला.

पाटील कोपऱ्यात बसून कॉफी पीत होता. त्यानं दोघांच्याही बंदुकांकडे बघितलं नाही. काडतुसांचे डबे मागितले आणि वरचा छापील मजकूर चष्मा लावून वाचला. मित्राचा डबा परत दिला. मेव्हण्याचा डबा टेबलावर ठेवला.

"बंदूक चांगली आहे. या गोळ्या घरी ने. हरणासाठी ठेव."

मेव्हण्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मग पाटलानं समजावलं, आणि माझ्या मते त्या तीन दिवसांत कामाचं बोलणं झालं ते एवढंच. ती गोळी साधी होती, आत मऊ शिसं, वर तांब्याचं पातळ आवरण. हरणाच्या पातळ कातडीतून आत शिरून फुलते, काम होतं. नीलगायीच्या नराचं कातडं खांद्यावर-मानेवर जाड, खाली जाड हाडं. मऊ गोळी तिथेच वरच्यावर फुटते, तुकडे होतात, हृदयापर्यंत काही पोचत नाही. आणि वेग जितका जास्त, तितकी ती लवकर फुटते. म्हणजे मेव्हण्यानं मॅग्नम घेऊन आपलं काम आणखी अवघड करून ठेवलं होतं. जनावर जखमी होऊन झाडीत जातं आणि दोन दिवसांनी गिधाडांमुळे सापडतं, हे पाटील खूप हळू आवाजात म्हणाला.

मग त्यानं नॉस्लरची गोष्ट सांगितली. जॉन नॉस्लर हा शिकारी १९४६ साली कॅनडात एका मूसवर, म्हणजे तिकडच्या अवाढव्य हरणावर, गोळ्या झाडत होता. बंदूक चांगली दमदार, मेव्हण्याच्या मॅग्नमच्या आधीची एक जुनी मॅग्नम, पण मूसच्या अंगावर चिखल वाळलेला, आणि गोळ्या वरच्यावर फुटत होत्या. घरी येऊन त्यानं गोळीच्या पोटात मधोमध तांब्याच्या धातूची आडवी भिंत घातली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. तिचं नाव पार्टिशन. १९४८ पासून ती विकली जाते. आता शिसं आवरणाला जोडून टाकलेल्या गोळ्या आहेत, अख्ख्या तांब्याच्याही आहेत. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, कारण मेलेल्या जनावराबरोबर शिसं खाऊन तिथली काँडोर जातीची गिधाडं मरत होती.

पाटलानं आपल्या गाडीतला तांब्याच्या गोळ्यांचा डबा मेव्हण्याला दिला. फुकट नाही, पैसे घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेमाची तपासणी. नवी गोळी म्हणजे नवा नेम, हे मला माहीतच नव्हतं. तीच बंदूक, तीच दुर्बीण, पण तांब्याची गोळी शंभर यार्डांवर तीन इंच खाली लागली. दुर्बिणीचे काटे फिरवत तासभर गेला. मलाही चालवायला दिली. एच-वन-बी व्हिसावाल्याला इथे बंदूक हातात घेता येत नाही, मात्र शिकारीचा परवाना असेल तर येते, म्हणून मी पंचवीस डॉलर भरून तो काढून ठेवला होता. पंचवीस डॉलरमध्ये एवढी भीती दुसरीकडे विकत मिळणार नाही.

.३०-०६ च्या दोन गोळ्या ठीक गेल्या. मग मॅग्नम. पहिल्या गोळीला खांद्यावर बैलानं ढुशी दिल्यासारखं झालं. दुसऱ्या वेळी पाटील म्हणाला, "मी भरून देतो," आणि पाठ करून काहीतरी खुडबुड केली. मी नेम धरला, श्वास रोखला, चाप ओढला. टक्. नुसतं टक्. आत काडतूसच नव्हतं. पण बंदुकीची नळी भसकन खाली गेली होती, डोळे घट्ट मिटलेले, खांदा पुढे. न येणाऱ्या धक्क्याला मी आधीच घाबरलो होतो. सगळे हसले. मेव्हणा सगळ्यात जास्त. मग पाटलानं तीच बंदूक त्याला 'भरून' दिली. टक्. त्याची नळी माझ्यापेक्षा खाली गेली.

पाटील काही बोलला नाही. मित्राच्या आजोबांची .३०-०६ उचलून गाडीत ठेवली, आणि त्या दिवशी शिकारीला मित्र जाणार हे ठरलं. कुणी वाद घातला नाही.

शनिवार वाऱ्यात आणि काट्यांत गेला, काही दिसलं नाही. रविवारी उन्हं कलताना ओकच्या झाडीबाहेर तो उभा होता. निळसर काळा नर, गळ्याखाली केसांचा झुबका, खुरांवर पांढरी कडी. मी क्षणभर आपोआप डबा शोधला. हसू नका, खरंच हात बाजूला गेला.

पाटील कुजबुजला, "हरणासारखं खांद्याच्या मागे नको. पुढच्या पायाच्या सरळ वर, खालून एक तृतीयांश." हृदय इतकं खाली आणि पुढे असतं. आयुष्यभर रोही बघितले, हे मला ठाऊक नव्हतं. अंतर १३० यार्ड. आवाज, मग ओली चादर दगडावर आपटल्यासारखा थप्प. आणि नर सरळ झाडीत पळून गेला. जिथे उभा होता तिथे रक्ताचा थेंब नाही. मित्र पांढराफटक. पाटलानं घड्याळ बघून वीस मिनिटं बसवून ठेवलं. ती वीस मिनिटं मला पाच तासांच्या ड्राइव्हपेक्षा मोठी वाटली. दीडशे पावलांवर तो पडलेला सापडला.

मी जवळ जाऊन मानेवर हात ठेवला. विहिरीवरच्या जुन्या मोटेचं चामडं आठवलं, तसंच. सोलताना पाटलानं दोनदा सुरीला धार लावली. गोळी पलीकडच्या कातडीखाली अडकली होती, फुलून गुलबक्षीच्या फुलासारखी झालेली. त्याच्या तराजूवर भरली १५३ ग्रेन. एका तोळ्यातले दहा मासे आणि वर दीड गुंज शिल्लक. मित्राला आनंद झालेला दिसत होता. मला काय वाटत होतं ते मी अजून ठरवलेलं नाही.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल केला, तिकडे सकाळ होती. फोटो दाखवला.

"हे त रोही व्हय न बे! इतल्या दूर गेले कसे?"

सगळं सांगितलं. नर मारायचे दोन हजार डॉलरच्या वर घेतात, हेही सांगितलं.

"कोन कोनाले देते? शेतवाला देते न?"

"नाही बाबा. मारणारा देतो."

बाबा बराच वेळ गप्प. मला वाटलं नेट गेलं.

"मंग त्याहिले म्हना, आर्वीले या. पैसे नको आमाले. डिझेल मी देतो."