संथ रुकींचा तक्ता: अ‍ॅडम्सच्या शेजारी रेगर

एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉल) रुकी, म्हणजे पहिल्या हंगामात संथ राहिलेल्या रिसीव्हरांपैकी (पास झेलणाऱ्यांपैकी) पुढे कोण चमकणार हे ओळखायचा तक्ता एकदाचा भरला. यार्डांप्रमाणे लावून पाहिला तर डाव्हान्टे अ‍ॅडम्स, क्वेंटिन जॉन्स्टन आणि जेलन रेगर एकाखाली एक. ४४६, ४३१, ३९६. डोक्याला हातच लावला. पहिला पुढे २०२० मध्ये एका हंगामात १८ टचडाऊन (बॉल शेवटच्या पट्ट्यात नेणं) करून गेला. दुसरा अजून आपल्या फँटसी लीगच्या (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ बनवून खेळायच्या लीगच्या) ग्रुपमधल्या भांडणांचा कायमचा विषय आहे. तिसऱ्याचं नाव काढलं की त्याच्या ईगल्स संघाचे चाहते विषय बदलतात, कारण २०२० च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत) तो २१वा गेला आणि २२वा होता जस्टिन जेफरसन. रुकी हंगाम बघून हे तिघे वेगळे ओळखता येत नसतील, तर हा सगळा खटाटोप कशाला?

मागच्या नोंदीखाली बऱ्याच जणांनी सुचवलं होतं तसे दर टार्गेटमागचे (त्याच्याकडे फेकलेल्या प्रत्येक पासमागचे) यार्डही काढले. अ‍ॅडम्स ६.८, जॉन्स्टन ६.४, रेगर ७.३. म्हणजे आणखीच बोंब, रेगर सगळ्यांच्या वर. अ‍ॅडम्सचा २०१५ चा, म्हणजे दुसरा हंगाम घेतला तर ९४ टार्गेट आणि ४८३ यार्ड, जेमतेम ५.१. त्या वर्षी आपली लीग असती तर मी स्वतः त्याला वेव्हरवर (कोणीही उचलावं अशा यादीत) सोडून मोकळा झालो असतो.

टार्गेट हा आकडाच मुळात लबाड आहे. पॅकर्सच्या क्रिश्चन वॉटसनचा पहिला स्नॅप (मैदानावरचा पहिला डाव) आठवा. २०२२, पहिला आठवडा, मिनियापोलिस, पॅकर्सच्या आक्रमणाचा पहिलाच प्ले. बचावपटू पॅट्रिक पीटरसनला मागे टाकून पोरगा सुटला, समोर एकही माणूस नाही, क्वार्टरबॅक (पास फेकणारा) रॉजर्सने बॉल नेमका हातात टाकला आणि तो हातातून निसटला. ७५ यार्डांचा टचडाऊन गेला. तक्त्यात त्याची नोंद काय, तर एक टार्गेट, शून्य यार्ड. पण त्या एका प्लेमध्ये रिसीव्हरबद्दल जे कळायला हवं होतं ते कळलं होतं: हा माणूस सुटतो. त्याच नोव्हेंबरमध्ये डॅलसविरुद्ध त्याने चार कॅचमध्ये तीन टचडाऊन केले, तेव्हा ड्रॉपवरून ओरडणारे गप्प झाले.

म्हणून दर रूटमागचे (पाससाठी केलेल्या प्रत्येक धावेमागचे) यार्ड हवेत. किती वेळा धावला आणि त्यातून काय निघालं. इथेच घोडं पेंड खातंय. एनएफएलव्हर्स या प्रकल्पाच्या फुकट डेटात प्ले-बाय-प्ले (प्रत्येक डावाची नोंद) १९९९ पासून मिळतं, पण मैदानावर कोण कोण होतं ती नोंद २०१६ पासूनची. म्हणजे रेगर मिळतो, जॉन्स्टन मिळतो आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो २०१४ चा अ‍ॅडम्स नेमका बाहेर. त्याच्याबरोबर ओडेल बेकहॅम, माईक इव्हान्स, ती अख्खी बॅचच बाहेर. स्नॅपचे आकडे २०१२ पासून आहेत, पण स्नॅप म्हणजे रूट नव्हे. त्यात रन-ब्लॉकिंग (बॉल घेऊन पळणाऱ्यासाठी बचाव अडवणं) आलं, प्ले-अ‍ॅक्शनला (पळायचं सोंग करून टाकलेल्या पासला) नुसतं उभं राहणं आलं. हाताने मोजावं म्हटलं तर टीव्हीच्या फुटेजमध्ये स्नॅप झाला की बाहेरचा रिसीव्हर चौकटीतून गायब, तो परत दिसतो थेट बॉल त्याच्याकडे आला तरच. बॉल आला नाही तर तो धावला की चालला, देव जाणे. ऑल-२२ (सगळे २२ खेळाडू दिसणाऱ्या) फुटेजशिवाय हे काम होत नाही, आणि आपण पैसे मोजून घेतलेल्या स्ट्रीमिंगवर जुन्या हंगामांचं ऑल-२२ शोधणं म्हणजे वेगळीच तपश्चर्या.

मध्येच एक सुख. दोन डेटासेट जोडताना नावावरून जोडणी लावली तर ज्युनिअर-सिनिअरचा गोंधळ होतो हे आपल्याला माहीत आहे, म्हणून आयडीवरून जोडतो. तरी गंमत म्हणून मार्विन हॅरिसनच्या दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या. बाप, १९९६, कोल्ट्स: ६४ कॅच, ८३६ यार्ड, ८ टचडाऊन. पोरगा, २०२४, कार्डिनल्स: ६२ कॅच, ८८५ यार्ड, ८ टचडाऊन. आणि या पोराला आपण वर्षभर ‘फसलेला चौथा पिक’ म्हणत होतो. पहिल्या सामन्यात एक कॅच चार यार्ड, दुसऱ्यात चार कॅच १३० यार्ड आणि दोन टचडाऊन. त्या दोन रविवारांमध्ये ग्रुपवर काय काय लिहिलं गेलं ते मी जपून ठेवलंय.

तर रूट मिळेनात म्हणून वेगळ्या बाजूने गेलो आणि इथे पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलं. नवा रकाना: ‘पुढे कोण’. २०१४ मध्ये अ‍ॅडम्सच्या पुढे जॉर्डी नेल्सन १५१९ यार्ड आणि रँडल कॉब १२८७ यार्ड. दोघांचे मिळून २८०० च्या वर, मग तिसऱ्याला उरणार काय? रेगरच्या पुढे? त्या हंगामात ईगल्सचा सगळ्यात जास्त यार्डांचा रिसीव्हर होता ट्रॅव्हिस फुल्गम, ५३९ यार्ड. म्हणजे पुढे कोणीच नव्हतं. अंगठ्याची दुखापत धरा, क्वार्टरबॅकचे हाल धरा, तरी जागा रिकामी होती आणि त्याने ती घेतली नाही. ४४६ आणि ३९६ हे आकडे पहिल्यांदा एकमेकांपासून लांब दिसले.

मग वाटलं, पुढे कोण आहे यापेक्षा जागा रिकामी झाल्यावर काय होतं ते बघू. जेफरसन पहिले दोन आठवडे बिसी जॉन्सनच्या मागे, दोन सामन्यांत ७० यार्ड. तिसऱ्या आठवड्यात सुरुवातीपासून उतरवला, टायटन्सविरुद्ध १७५. स्मिथ-एन्जिग्बाला २०२३ मध्ये सुरुवातीला सगळे स्क्रीन (रेषेमागेच टाकलेले) आणि आखूड पास, त्यात मनगटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. त्याच्या पुढचा मेटकाफ कार्डिनल्सविरुद्ध बसला आणि त्याच सामन्यात स्मिथ-एन्जिग्बाचा पहिला टचडाऊन. उलट बाजूला जॉन्स्टन: माईक विल्यम्सचा गुडघा तिसऱ्याच आठवड्यात गेला, अख्खा हंगाम जागा मोकळी आणि शेवटी ४३१. रकाना काम करतोय असं वाटलं. चहा केला, ग्रुपवर बढाई मारली.

आणि मग मॅथ्यू गोल्डन.

पॅकर्सनी २००२ च्या जेव्हॉन वॉकरनंतर पहिल्यांदाच पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतला, ४.२९ सेकंदांत ४० यार्ड पळणारा, त्यामुळे अपेक्षा काय होत्या ते सांगायला नको. जेडन रीडचं कॉलरबोन २०२५ च्या दुसऱ्याच आठवड्यात मोडलं. वॉटसन तेव्हा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून परतला नव्हता. माझ्या रकान्याप्रमाणे जागा रिकामी. पण ग्रीन बेमध्ये (पॅकर्सच्या गावी) जागा म्हणजे कोणाची? प्रशिक्षक लाफ्लोर बॉल वाटून टाकतो. २०२४ मध्ये त्यांचा पहिला रिसीव्हर रीड ८५७ यार्डांवर थांबला, हजारी एकही नाही. रीड गेला तर त्याचा वाटा डब्स, विक्स, क्राफ्ट, बॅक सगळ्यांत विरघळतो. ज्या संघात ठरलेला क्रमच नाही तिथे ‘पुढे कोण’ हा प्रश्नच लागू होत नाही. तरी आपल्यातले अर्धे लोक त्याला रेगरच्या खणात टाकून बसलेत आणि उरलेले अ‍ॅडम्सच्या. दोन्ही बाजूंकडे पुरावा म्हणून हेल्मेटचा रंग.

हे लिहिता लिहिताच सुचलं: जागा खेळाडूची नको, मैदानावरची घ्यायची. एक्स आणि झेड (कडेच्या जागा), स्लॉट (आतली जागा). रीडचं काम मुख्यतः स्लॉटचं, मग त्याच्या जाण्याने बाहेर उभ्या राहणाऱ्याला काय मिळणार? गोल्डनचे स्नॅप या तीन जागांत वाटून बघायचे आणि एक्सला समोर प्रेस (बचावपटू अगदी तोंडाशी उभा) असताना पहिल्या दोन पावलांत तो मोकळा होतो का, एवढंच ऑल-२२ वर नोंदवायचं. हो किंवा नाही. पैसे घेऊन ग्रेड देणाऱ्या साइट्सचा ७१.४ मला समजत नाही. हो-नाही समजतं, आणि दोन जणांनी वेगवेगळं बघितलं तर जुळतंय का तेही तपासता येतं.

त्यामुळे अ‍ॅडम्सचे रूट मोजायचं तूर्त रद्द. आधी रेगर आणि जॉन्स्टनचे प्रेस-स्नॅप, मग गोल्डनचे. जॉन्स्टनचे त्याच्या चार्जर्स संघाच्या चाहत्यांपैकी कोणी मोजून देत असेल तर फाईल पाठवतो, फक्त ड्रॉपचा राग त्यात उतरवू नका. आणि गोल्डनसाठी आपल्या लीगच्या ड्राफ्टमधला दुसऱ्या फेरीचा पिक (निवडीचा हक्क) देऊ करणाऱ्या दोघांना: रकाना भरेपर्यंत तो माझ्याकडेच आहे, भरल्यावर कदाचित तिसऱ्यातही देईन.